घरमालकाची मज्जा

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आधी माझी जीभ बघितली.

"आ कर," ते म्हणाले.

मी लातूरकडून नुकताच आलेला. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी. मला वाटलं, इकडे शहरात अशीच पद्धत असेल. मी आ केला. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, जिभेचा दोन्ही बाजूंनी अभ्यास केला आणि दारात उभ्या असलेल्या बायकोला निकाल सांगितला, "मानूस बरा हाय. खोटा बोलला तरी थोरंच बोलंल."

अशा रीतीने घणसोली गावात मला खोली मिळाली. तेव्हा घणसोली म्हणजे दाटीने बसलेली कौलारू घरं, मागे खाडी आणि पुढे कारखान्यांची रांग. घरमालक आगरी. त्यांच्या बोलीत ण आणि ळ ही अक्षरं भाड्यानेसुद्धा राहत नसत. पाणी म्हणजे पानी, डोळे म्हणजे डोले. मधल्या ड चाही र व्हायचा, थोडं म्हणजे थोरं, हाड म्हणजे हार. पहिला महिनाभर मी नुसती मान हलवायचो. नंतर मलाही सवय झाली, आणि दिवाळीला गावी गेलो तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या तोंडाला काय झालं?"

घरमालकांचे वाडवडील मिठागरावर राबलेले. वाफ्यातलं पाणी जिभेवर ठेवून मीठ किती दिवसांत धरेल ते सांगायचं, ही त्या घराण्याची विद्या. पुढे नवं शहर आलं. भाताच्या खाचरांवरून रस्ता गेला, मिठागराचा सेक्टर झाला आणि घरमालकांची जीभ बेकार झाली. पण हातचं काम गेलं म्हणून माणूस हात कापून टाकत नाही. ते सगळं चाटून बघायचे. पावसाचं पाणी, नव्या घराचं सिमेंट, माझी दंतमंजनाची पूड. एकदा वीजमंडळाचा माणूस मीटर बघायला आला तर त्याच्या पेनाची शाई चाखून म्हणाले, "पानी घातलंय याच्यात."

"काका, असं काहीही तोंडात घालू नये," मी म्हणायचो.

"जिबंवर ठेवल्याबिगर काय कलतं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

दुसरी गोष्ट त्यांच्या कोंबड्यांची. जमीन घेताना जे जे अधिकारी दारी येऊन गेले, त्या सगळ्यांच्या हुद्द्यांची नावं त्यांनी कोंबड्यांना ठेवली होती. सर्कल, तलाठी, भूमापक आणि एक लाल तुऱ्याचा गलेलठ्ठ कलेक्टर. सकाळी अंगणातून आवाज यायचा, "ए तलाठ्या, पायात येऊ नको!" आणि सणावाराला मला बोलावणं यायचं, "डाक्टर, दुपारी ये. आज भूमापकाचं कालवन हाय."

मला ते डाक्टर म्हणायचे, त्याचीही एक कथा आहे. मी तुर्भ्याला एका औषधांच्या कंपनीत कामाला होतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांवर लेबलं सरळ बसली आहेत की नाहीत एवढंच मी बघायचो. वाकडं लेबल दिसलं की बाटली बाजूला. पण औषधांच्या कंपनीत आहे म्हटल्यावर घरमालकांनी मला परस्पर डाक्टर करून टाकलं. गावातली माणसं गळू दाखवायला यायची. एका बाईने बकरी आणली. मी कळवळून सांगायचो की मला यातलं काही कळत नाही, तर घरमालक कौतुकाने म्हणायचे, "शिकलेला मानूस हाय, लाजतंय."

पण त्या घरातली माझी खरी नोकरी वेगळीच होती. मी तिथे टपालखातं होतो.

घरमालकांना एक धाकटा भाऊ होता. घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. त्या भिंतीत माझी चिंचोळी खोली सँडविचमधल्या काकडीसारखी बसवलेली. तिची एक खिडकी थोरल्याच्या ओट्यावर उघडायची, दुसरी धाकट्याच्या. आणि दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकून मी आधी हसलो होतो. घरमालकांच्या मुलीच्या हळदीला सगळं गाव जेवायला बसलेलं असताना धाकटा भाऊ मटणाचा पहिला घास घेऊन मोठ्याने म्हणाला होता, "अलनी झालंय." अळणी! मिठागरवाल्याच्या घरात, शंभर पानांसमोर, सख्ख्या भावाच्या तोंडून! घरमालकांनी हातातली परात तिथेच ठेवली आणि त्या क्षणापासून ते धाकट्याशी एक शब्द बोलले नाहीत. धाकटाही त्याच रक्ताचा. त्याने शब्द मागे घेतला नाही.

बोलायचे नाहीत म्हणजे माझ्यातर्फे बोलायचे. दोघेही आपापल्या ओट्यावर बसायचे, मध्ये मी.

"डाक्टर, त्याला सांग, रेडिओ मोठा वाजतंय."

धाकट्याला हे स्वच्छ ऐकू आलेलं असायचं. पण मी दुसऱ्या खिडकीत जाऊन ते वाक्य म्हटल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचलं असं धरत नसत.

"डाक्टर, त्याला सांग, कान लहान कर."

मी पुन्हा पहिल्या खिडकीत. एकदा मला सडकून ताप आला होता. दोघे भाऊ दोन्ही खिडक्यांत बसून राहिले. मला वाटलं, माझी काळजी. चौथ्या दिवशी मी उठून बसलो तेव्हा घरमालक घाईघाईने म्हणाले, "बरं वाटतंय ना? मंग त्याला सांग, त्याची शेवग्याची फांदी माज्या कौलावर आलीय." चार दिवस ते वाक्य तोंडात धरून बसले होते.

धाकटा तुर्भ्यालाच एका कारखान्यात मशीनवर होता. आम्ही सकाळी एकाच एसटीने जायचो. अंगाने दणकट, हसरा, बोलायला तिखट. तो हळूहळू वाळायला लागला. चढण चढताना थांबायचा. डाव्या बरगडीखाली पोट फुगलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्याला तडक खाडीपलीकडे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तो परत आला त्या संध्याकाळी घरमालक ओट्यावरच होते. "डाक्टर, त्याला विचार, काय बोलले."

मी विचारलं. धाकटा म्हणाला, "त्याला सांग, काय नाय."

"त्याला सांग, खोटं बोलतंय. जीब दाखव म्हनावं."

मी दुसऱ्या खिडकीकडे वळायच्या आत धाकटा उठून अंगणात आला, भावासमोर उभा राहिला आणि त्याने जीभ बाहेर काढली. चाळिशीला आलेला बाप्या लहान पोरासारखी जीभ काढून उभा. घरमालक खाली वाकून बघत राहिले. जीभ कागदासारखी पांढरी होती. ते मागे फिरले. आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

रक्ताचा कॅन्सर होता. गोळ्यांनी पांढऱ्या पेशी आटोक्यात राहतील, पण काही वर्षंच, असं डॉक्टर म्हणाले होते. पुरता बरा व्हायचा तर एकच रस्ता होता, आणि तो आपल्या देशात तेव्हा नुकताच सुरू झाला होता. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. तो सगळा मगज औषधांनी मारून टाकायचा आणि दुसऱ्याचा घालायचा. दुसरा म्हणजे सख्खं भावंड, तेही जुळलं तर.

दोन बहिणी होत्या, उरणला आणि पनवेलजवळ. त्यांचं रक्त जुळलं नाही. राहिले घरमालक.

घरमालक सुईला विलक्षण घाबरायचे. गावात लस टोचायला माणसं आली की ते होडीत बसून खाडीत जात आणि भरती उतरल्यावर परत येत. पण ते माझ्याबरोबर हॉस्पिटलात आले. सुई टोचताना त्यांनी माझा हात असा दाबला की मला आठवडाभर लेबल वाकडं दिसलं तरी बाटली उचलता येत नव्हती. रक्तगट वेगळा निघाला, पण त्याने अडत नाही म्हणाले; जे जुळायला हवं ते शंभर टक्के जुळलं.

तिथली डॉक्टर एक तरुण बाई होती. चष्मा, दोन पेनं आणि अमाप सोशिकपणा. तिने घरमालकांना समोर बसवलं आणि शुद्ध मराठीत समजावलं, "काका, तुमची मज्जा आम्ही भावाला देणार."

घरमालकांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. "माजी मज्जा?"

"हो. तुमची मज्जा काढून घ्यायची आणि त्यांना द्यायची."

"बाय," घरमालक गंभीरपणे म्हणाले, "मी उभ्या जन्मात कंदी मज्जा केली नाय. जे काय केली ती यानंच केली. नाटकात काम केलं, गनपतीत नाचला. माज्याकरं कुठून येनार?"

ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मग तिने हाडाचं चित्र काढून दाखवलं. घरमालकांचा चेहरा उजळला. "नली! मटनाची नली असते त्यातला माल. मंग असं मराठीत बोल ना."

नळी फोडून ओढण्यात गावात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या दिवसानंतर त्यांनी नळी खाल्ली नाही. "कोनाची असंल, काय सांगावं," म्हणायचे.

सगळं समजून घेतल्यावर त्यांनी आपली अट सांगितली. "मज्जा देतंव. पन बोलनार नाय."

"बोलायची गरजच नाही," डॉक्टरीण म्हणाली. तिला वाटलं, भूल देणार म्हणून असं म्हणताहेत. संमतीच्या कागदावर 'रुग्णाशी नाते' अशी रेघ होती. तिथे त्यांनी 'शेजारी' असं लिहवून घेतलं. तिने तो कागद दोनदा परत पाठवला.

गावात त्यांनी हा सगळा प्रकार आपल्या पद्धतीने सांगितला. ते भाताची शेती केलेले. "आधी राब जालायचा, मंग चिखल करायचा, मंग रोपं उपटून दुसरीकरं लावायची. तशी हॉस्पिटलात माजी लावनी हाय." झालं. चार घरांपलीकडे बातमी पोचेपर्यंत तिचा अर्थ बदलला, आणि काकूंना बायका येऊन विचारू लागल्या, की या वयात हे मुंबईला लावणीला जातात हे तुम्हाला चालतं कसं?

धाकट्याला काचेच्या खोलीत ठेवलं. आत जंतू जाऊ नयेत म्हणून फक्त त्याची बायको, म्हणजे वहिनी, जाई, तीही हिरवा झगा, टोपी आणि तोंडाला फडकं बांधून. बाकीच्यांनी काचेबाहेर उभं राहायचं. बोलायला दोन्हीकडे टेलिफोनसारखं यंत्र. आठवडाभर औषधांनी त्याचा मगज मारला. केस गेले, तोंड आतून सोललं.

मग घरमालकांना भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढली. शुद्धीवर आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "चव बगितली काय कुनी?" कमरेत वाकून, माझ्या खांद्याला धरून ते काचेपाशी आले. त्यांना वाटलं होतं, मोठं ऑपरेशन असेल, वीसेक डॉक्टर असतील. आत धाकट्याच्या उशाशी एक लाल पिशवी टांगलेली होती आणि नळीतून थेंब थेंब हातात जात होता.

"एवरंच?" घरमालक म्हणाले.

"एवढंच," मी म्हणालो.

"मना वाटलं, वाजंत्री तरी असंल."

पुढचे दिवस वाट बघण्याचे. रोज धाकट्याचं रक्त तपासायचे. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य. घरमालक रोज सकाळी एसटी पकडून यायचे, बाकावर बसायचे आणि काचेकडे पाठ करायचे. माझी पहिली पाळी सुटली की मी तिथे जायचो.

"काका, तोंड तिकडे करा ना."

"मी रोप रुजलं काय बगायला आलंय. त्याला बगायला नाय."

तिसऱ्या आठवड्यात रुजलं. पांढऱ्या पेशी दिसू लागल्या, आज थोड्या, उद्या दुप्पट. घरमालकांनी त्या आनंदात गावी जाऊन खुद्द कलेक्टर कापला आणि मला त्याचा पाय पोचवला.

आणि चारच दिवसांनी धाकट्याच्या तळहातांवर लाल चट्टे उठले. मग तळपायांवर, मग छातीवर. पोट बिघडलं. डॉक्टरीण आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, तुमच्या पेशी रुजल्या. पण त्यांना वाटतंय की हे घर परकं आहे. त्या तुमच्या भावाच्या अंगावर उठल्या आहेत."

"म्हंजे माजी मज्जा त्याला मारतंय?"

"तसंच काहीसं. थोडंसं भांडण चांगलं असतं, उरलासुरला कॅन्सर त्याच मारतात. पण जास्त झालं तर जीव जाऊ शकतो. म्हणून त्यांना जरा शांत ठेवणारं औषध आहे, ते आता वाढवू."

घरमालक बाकावर बसले. इतके दिवस मी त्यांना घाबरलेलं पाहिलं होतं ते सुईला. हे वेगळं होतं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला. मग हळूच म्हणाले, "डाक्टर, अकरा वर्सं राग धरला. मनात धरला असं वाटलं मना. त्यो हाराच्या आत जाऊन बसला. नलीतून त्याच्यात गेला."

"काका, असं नसतं. पेशींना राग कळत नाही."

"तू लेबलं लावतंस," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हे कबूल केलं. "तुना काय ठावं?"

ते उठले, काचेपाशी गेले आणि यंत्र हातात घेतलं. आत धाकटा डोळे मिटून पडला होता. वहिनीने झग्याच्या बाहीने दुसरं यंत्र त्याच्या कानाला लावलं.

"ऐका," घरमालक दटावून म्हणाले. "ह्यो आपला मानूस हाय. घर आपलंच हाय. याला हात लावायचा नाय. मी सांगतंय. जे काय झालं ते माजं नि त्याचं. तुमी मधी परायचं नाय."

धाकट्याने डोळे उघडले. आवाज अगदी खोल गेला होता. "कोनाशी बोलतंस?"

घरमालक क्षणभर गडबडले. "तुज्याशी नाय. माज्या मज्जेशी बोलतंय."

"मंग तिला सांग," धाकटा म्हणाला, "पायाला लय खाज सुटलीय."

"सांगतंय," घरमालक म्हणाले आणि त्यांनी खरंच सांगितलं.

ते रोज सकाळी आणि संध्याकाळी मज्जेशी बोलू लागले. तिला शेतीच्या बातम्या, गावातली भांडणं, कोणाच्या मुलीचं जमलं, सगळं सांगायचे. आतून धाकटा ऐकायचा आणि अधूनमधून मज्जेतर्फे उत्तर द्यायचा. अजूनही ते एकमेकांशी बोलत नव्हते, हे दोघांनाही मान्य होतं. मला मात्र टपालखात्यातून सुट्टी मिळाली.

पण एक नवी अडचण आली, त्या औषधाची. परदेशातून यायचं. सायक्लोस्पोरिन नाव. पिवळसर तेल, वासाने तोंड फिरेल असं. प्लास्टिकला चिकटून बसतं म्हणून काचेच्याच पेल्यात, दुधात ढवळून, दर बारा तासांनी बरोबर वेळेवर प्यायचं. धाकट्याचं तोंड सोललेलं. तो एकदा प्यायचा, ओकायचा. पुन्हा द्यायचे, पुन्हा ओकायचा. एका संध्याकाळी त्याने पेला बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. वहिनी रडायला लागली. डॉक्टरीण म्हणाली, "आज हे पोटात गेलंच पाहिजे."

घरमालकांनी यंत्र उचललं. मला वाटलं, मज्जेला हाक मारतील.

"ए," ते म्हणाले. "पी."

धाकट्याने तोंड भिंतीकडेच ठेवलं.

"तुना बोलतंय मी. पी!"

धाकटा सावकाश वळला. अकरा वर्षांनी थोरल्या भावाचा शब्द त्याच्याकडे सरळ आला होता. पण तोही त्याच घरातला. "दादूस," तो म्हणाला, "तू सगल्या दुनियेची चव घेतंस. ह्याची घेऊन बग, मंग सांग."

घरमालकांनी डॉक्टरणीकडे बघितलं. ती म्हणाली, "अजिबात नाही. हे औषध तुमच्यासाठी नाही."

घरमालक यंत्र ठेवून निघून गेले. धाकट्याचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं. पण वीस मिनिटांनी ते परत आले. हातात बाहेरच्या दुकानातून आणलेली एरंडेलाची बाटली आणि चहाच्या टपरीवरचा काचेचा ग्लास. काचेसमोर उभं राहून त्यांनी अर्धा ग्लास एरंडेल ओतलं आणि धाकट्याला दाखवलं.

"ह्ये माजं. त्ये तुजं. मी पितंव, तू पी."

आणि डोळे न मिटता ते घटाघटा प्यायले. त्यांच्या तोंडाकडे बघून वहिनी रडता रडता हसली. धाकट्याने पेला उचलला. एक एक घोट, थांबत थांबत, त्याने तो संपवला आणि हाताची मूठ तोंडावर दाबून बसला. ओकला नाही.

सकाळी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी सिस्टर मला म्हणाली, "तुमचे काका दर पंधरा मिनिटांनी धावत कुठे जातात हो?" मी सांगितलं. तिने डॉक्टरणीला सांगितलं. डॉक्टरीण तरातरा आली. "काका, भावाला वाचवायला निघालात आणि स्वतः वाळून जाल! एरंडेल बंद."

"मंग त्यो नाय पिनार."

बरीच वाटाघाट झाली. डॉक्टरणीने माशाचं तेल सुचवलं. घरमालक लगेच तयार झाले, पण आतून धाकट्याने हरकत घेतली, "त्ये नाय चालनार! त्ये त्याला आवरतं!" आणि ते खरं होतं. खाडीकाठचा माणूस माशाच्या तेलाने तोंड कशाला वाकडं करेल? शेवटी कारल्याच्या रसावर तडजोड झाली. काकू रोज रस काढून बाटलीत भरून द्यायच्या. पुढे कित्येक आठवडे, सकाळ-संध्याकाळ, काचेच्या एका बाजूला सायक्लोस्पोरिन आणि दुसऱ्या बाजूला कारलं. ग्लास काचेला टेकवून दोघे प्यायचे. वॉर्डातले इतर पेशंट आपापल्या दारातून बघायचे.

चट्टे फिके पडत गेले. तो उठून बसू लागला, कुकरमध्ये उकळलेला भात खाऊ लागला. एक दिवस जेवताना म्हणाला, "दादूस, मना हल्ली सगलंच अलनी लागतं. मीठ घातलं तरी अलनी."

तो शब्द! घरमालकांनी यंत्र कानाशी घट्ट धरलं. कपाळाला आठ्या. मग एकदम त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

"म्हंजे तवाच!" ते ओरडले. "हलदीच्या दिशी! तवापासनंच तुजी जीब बिगरलेली. रोगाचं काम हाय ते, तुजं नाय!"

डॉक्टरीण मागे उभी होती. हा रोग अकरा वर्षं आधी जिभेत येत नसतो, हे तिला चांगलं ठाऊक असणार. तिने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि फाइलीत काहीतरी लिहायला लागली.

"हा," आतून धाकटा म्हणाला. "रोगच असंल."

खरं म्हणजे त्या दिवशी मटण अळणीच होतं. काकूंनी मला नंतर एकदा ओट्यावर बसून सांगितलं, पण शपथ घालून.

धाकट्याला घरी आणल्यावर घरमालकांनी जो पहारा सुरू केला त्याने गाव हैराण झालं. औषधामुळे त्याचं अंग कोणत्याही जंतूला लढा देऊ शकत नव्हतं, म्हणून गर्दी नको, सर्दीवाला नको. घरमालकांनी दाराशी खुर्ची टाकली आणि येणाऱ्या प्रत्येकाची जीभ बघायला सुरुवात केली. सरपंच फुलं घेऊन आले, त्यांनाही आ करायला लावला. एका मेहुण्याला अंगणात शिंक आली, तर त्याला तलाठ्यासकट गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं. भिंतीवर चुन्याने लिहिलं, 'शिंकनारानी आपापल्या घरी शिंकावे.'

हे सगळं होऊन जमाना झाला. थोरले पिकल्या पानासारखे गेले. धाकट्याने नोकरी पुरी केली, नातवंडं खेळवली. मला मात्र त्यांची आठवण निघाली की तो कारखान्यातला दिवस डोळ्यांसमोर येतो.

वर्षभराने डॉक्टरणीने कामावर जायला परवानगी दिली. औषधही बंद होत आलं होतं. धाकटा तुर्भ्याच्या कारखान्यात रुजू व्हायला निघाला तर घरमालक बरोबर. माझी पाळी सुटली होती, म्हणून मीही गेलो. ऑफिसातल्या कारकुनाने नवा तपासणीचा कागद घेतला, जुनं ओळखपत्र काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून चष्मा वर केला.

"इथे रक्तगट बी लिहिलाय. यात ओ आहे."

"बदलला," धाकटा म्हणाला.

"रक्तगट बदलत नाही. मी वीस वर्षं ही कार्डं भरतोय." त्याने फोटो बघितला, धाकट्याला बघितलं. केस नवे, कुरळे आलेले. संशय वाढला. "फोटो असाच काहीसा आहे. पण रक्त दुसऱ्याचं आहे."

"दुसऱ्याचं कसं? माजं हाय," घरमालक पुढे सरसावले.

"मग कामावर कोण येणार? तुम्ही का हे?"

मी मध्ये पडून मगज, पेशी, लावणी सगळं समजावलं. कारकुनाने ते शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?" मी म्हटलं, "नाही. लेबलं बघतो." त्यावर त्याने दोन्ही कागद आणखी दूर सरकवले.

घरमालकांनी टेबलावर हात ठेवले. "सायेब, साधं हाय. रगत माजं हाय, पन मानूस त्योच हाय. ह्याच्या आईला मी जेवरा वलकतंय तेवराच ह्याला वलकतंय. तुमी काय लिवायचं ते लिवा."

कारकून पेन हातात घेऊन बसला. हा रकाना त्याला आजवर कोणी शिकवला नव्हता. शेवटी त्याने धाकट्यालाच विचारलं, "बोला, काय लिहू?"

"रगत याचं लिवा," धाकटा म्हणाला. "सोभाव माजा ऱ्हाऊ द्या."

"का? माज्या सोभावाला काय झालंय?"

"काय झालं ते गावाला विचार."

"मी गावाला विचारू? पहारा कोनी केला? कारल्याचा रस कोनी पिला?"

"त्ये बोलून बोलूनच जीव खाल्लास माजा."

कारकुनाने बी खोडून ओ लिहिलं, सही घेतली आणि आम्हा तिघांना हात जोडून दार दाखवलं. ते दोघे जिन्यावर भांडत होते, गेटवर भांडत होते, रस्त्यावर भांडत होते. दुपारची वेळ. तुर्भ्याचा तो रस्ता, मालाने भरलेले ट्रक एकामागून एक, प्रत्येकामागे धुळीचा ढग. घणसोलीची एसटी आली. मी हाका मारल्या, पण एकानेही मान वळवली नाही, म्हणून मी एकटाच चढलो आणि मागच्या खिडकीशी बसलो.

घरमालक ट्रकच्या बाजूने चालत होते. एका हाताने ते धाकट्याला काहीतरी ठणकावून सांगत होते. समोरून एक ट्रक धुरळा उडवत आला. बोलणं न तोडता त्यांनी खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी आडवा पसरला. आणि धाकटाही, बोलणं न तोडता, टॉवेलामागे जाऊन उभा राहिला.